मोठा केलेला

“बसणारे किती आणि उभे किती, ते आधी ठरवा,” दिनानाथ फोटोवाला म्हणाला आणि भिंतीकडच्या खुर्च्या ओढू लागला.

“दोन बसतील,” सखा म्हणाला. “आये नि बाबा. बाकी आमी मागं उभे.”

“आनि हिरामण?” धोंडुबाईने विचारलं.

खुर्ची फरशीवर खरडत अर्ध्यात थांबली. सखाने आईकडे न बघता पडद्याकडे बघितलं. पडद्यावर कारंजं रंगवलेलं होतं, बाजूला दोन राजहंस होते आणि एका हंसाच्या मानेवरचा रंग उडून खालचं कापड दिसत होतं.

“ते बघू मंग, आये.”

“मंग काय बघू? जागा आधी सोडाया लागते. काळुरामच्या घरी कशी सोडलीली? आधी जागा, मंग डोकं.” ती दिनानाथकडे वळली. “तुमीच काढलाव ना काळुरामचा फोटो? त्याचा पोर मस्कतला नि फोटोत बघावं तर बायकोच्या शेजारी उभा.”

“आमचाच जोड तो,” दिनानाथ खूश होऊन म्हणाला. “कात्रीचं काम कुठं दिसतंय का बघा.”

“कात्री नाय दिसत. डोकं मातर टोपलीएवढं झालंय.”

“मस्कतला खाऊन वाढलं आसंल,” कान्हूबाबा खुर्चीतून बोलला. धाकटी लेक मालू फिसकन हसली. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदाच कुणी हसलं होतं, म्हणून थोरली सून सगुणाही हसली. बायजा हसली नाही. ती आरशासमोर उभी राहून गजरा नीट करत होती आणि आरशातूनच नवऱ्याच्या, सखाच्या, डोळ्यात बघत होती. सांग ना आता, असं ते बघणं होतं.

सगुणा खाली बसून लेकीच्या, सरूच्या, वेणीला रिबीन बांधत होती. कासूला गाडीत चढताना एक सुटली होती, निडीला दुसरी. सरूचा फ्रॉक नवा होता. पुढच्या वर्षीही अंगाला यावा म्हणून सगुणाने खाली मोठी दुमड घातली होती, त्यामुळे पोर चालली की घंटेसारखी दिसे. “नीट उभी र्‍हा गो,” सगुणा म्हणाली, आणि मनातल्या मनात ती जागा पुन्हा बघून आली.

जागा तिला पाठ होती. सासूने घरी ओटीवर सगळ्यांना उभं करून दाखवली होती. इथं सखा, इथं तू, मधी माझा हिरामण. त्या दिवशी सगुणा डावा खांदा जरा मागे घेऊन उभी राहिली होती. तो शेजारी असला की असंच उभं राहावं लागे. कबड्डीवाला माणूस, दोन्ही हात फाकवून उभा राहायचा, लग्नातसुद्धा. दोन पावसाळे झाले, खांद्याची ती सवय गेली नव्हती.

फोटो तिनेच सखाला काढून दिला होता. हिरामणचा तेवढा एकच फोटो. गावचा संघ पेणला ढाल जिंकून आला तेव्हाचा, कडेला गुडघा टेकून बसलेला, बनियनवर आकडा. तोंड वालाच्या दाण्याएवढं. “वैनी, दादूसचा फोटो दे, मोठा करून घेतो,” सखा म्हणाला होता. तिला किती बरं वाटलं होतं. दाण्याएवढं तोंड मोठं होणार, मग ते सोडलेल्या जागेत चिकटवणार. सासूच्या पेटीतून न विचारता काढला, कारण सासूला वेळेवर दाखवून चकित करायचं होतं.

*

सखाने खरं काय ते गाडीतच सांगायचं ठरवलं होतं. रात्रपाळी संपवून तो पहाटेच्या गाडीने मुद्दाम कासूला गेला होता, सगळ्यांना स्वतः आणायचं म्हणून. नागोठण्याच्या आधी सांगू. मग निडीला सांगू. मग रोहा आलं आणि धोंडुबाईने पदराच्या गाठीतली चणे-फुटाण्यांची पुडी सोडून मूठभर त्याच्या हातात दिले. “रातपाली करून आलास, खा,” म्हणाली. त्या मुठीने त्याचं तोंड बंद झालं.

मालूच्या सासरचे पेणचे. चांगले लोक, पोरगा शिकलेला, पंचायतीत कामाला. गेल्या महिन्यात त्या पोराचा चुलता सखाच्या रोह्याच्या खोलीवर आला होता. चहा घेतला, बायजाच्या हाताचे पोहे खाल्ले आणि मग बशी खाली ठेवून म्हणाला, “बाकी सगलं पसंत हाय, सखाराम. फक्त एक ठरवा. तुमचा थोरला हाय की गेला? कारण हलदीला मुलीच्या अंगाला थोरल्या वैनीचा हात लागनार. तो सवाष्णीचा हात हाय की नाय, ते आमाला सांगाया नको? त्याचं कार्य करून मोकले व्हा. नायतर आमाला दुसरं घर बघू द्या.”

“गेला,” सखा म्हणाला होता.

त्याने तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला. किती सहज आला. पाहुणा गेल्यावर तो मोरीत जाऊन उगीचच पाय धूत बसला. बायजाने पाण्याचा आवाज ऐकला आणि दार लोटून घेतलं.

बापाला त्याने सांगितलं होतं. कान्हूबाबा म्हणाला, “बघ तू.” त्याला हो म्हणायचं की नाही ते सखाला अजून कळलं नव्हतं. मग त्याने दिनानाथला सांगितलं की सगळे जमले की मी खूण करीन, तेव्हाच मोठा फोटो बाहेर आण. तोवर आतच ठेव.

पण दिनानाथ रोज वीस घरं फोटोला बसवणारा माणूस. कुटुंबं अशीच अडतात, कुणी कुठं बसायचं यावरून, हे त्याला माहीत होतं. सखा गप्प उभा राहिलेला बघून त्याला वाटलं, बिचाऱ्याला आईसमोर बोलता येत नाही, आपणच मदत करावी. तो आत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम घेऊन आला.

“जोडाजोडीची कटकटच नको, मावशी,” कागद सोडत तो म्हणाला. “हे बघा. आता कसा घरातला वाटतो.”

काचेवर दिव्याचा उजेड पडला. कुणालाच आधी नीट दिसलं नाही. मग दिनानाथने फ्रेम तिरपी केली.

काळा कोट, टाय, डाव्या बाजूला भांग. गळ्यात चंदनाच्या सालीचा हार.

*

पहिली बोलली सरू.

“ह्यो कोन?”

“तुजा बापूस गो,” बायजा म्हणाली. तिने खरं तर हळूच सांगितलं होतं, पण खोली लहान होती.

सरूने पुढे होऊन काचेला बोट लावलं. “कोट घातलाय,” ती म्हणाली.

“नाय,” धोंडुबाई म्हणाली. “ह्यो नाय.”

“मावशी, तोच. संघाच्या फोटोवरून उचललाय. बनियनवर कसा ठेवणार? म्हणून पेणच्या पेंटरकडून कोट चढवून घेतला. भुवईवर खोक होती तीसुद्धा काढली त्याने. हात बघा किती साफ.”

सगुणा जमिनीवरून उठली नव्हती. भुवईवरची ती खोक शोधत ती खालूनच बघत राहिली. तिथं गुळगुळीत, गुलाबी कपाळ होतं. झोपेत तो कूस वळला की ती खोक तिच्या तोंडासमोर यायची, आणि सरू पोटात असताना तिला रात्री झोप लागायची नाही तेव्हा ती तेवढीच बघत पडायची. तिला वाटलं, पेंटरला विचारावं, काढलीत ती कुठं ठेवलीत.

“फोटो कोनी दिला?” धोंडुबाईचा आवाज खाली होता. “माज्या पेटीतला फोटो. कोनी दिला?”

“आये,” सखा म्हणाला.

“तुला नाय इचारत.”

“मी दिला,” सगुणा म्हणाली.

धोंडुबाई तिच्याकडे वळली. या दोन वर्षांत घरात या दोघी एका बाजूला होत्या. कुणी काही बोललं की सासू सुनेकडे बघायची आणि सून मान हलवायची, तेवढ्यावर दोघींचा दिवस जायचा. रोज जेवायला बसताना हिरामणचं ताट मांडायची सासू, आणि ते मागाहून कुणी न बघता उचलायची सून. दोघींनी यावर कधी एक अक्षर काढलं नव्हतं.

“भावजी बोलले मोठा करून घेतो,” सगुणा म्हणाली. “मला वाटलं, तोंड बारीक हाय, मोठं करतील नि मधी लावतील. काळुरामच्या पोरासारखं. आये, मला वाटलं…”

“मोठा?” धोंडुबाई म्हणाली. “मोठा कोनाचा करतात, गो? गावात कुनाच्या भिंतीवर एकल्या मानसाचा मोठा फोटो बघितलास तू? जित्याचा? जिती मानसं सगल्यांच्यात असतात, बारकी असतात. एकला काढून मोठा केला म्हंजे काय केला, ते तुला कलत नाय? पोर हायस?”

सगुणाला आत्ता दिसलं. काळुरामच्या ओटीवर त्याचा बाप, एकटा, मोठा. पाटलाकडे पाटलीण, एकटी, मोठी. प्रत्येक घरात होते. ती त्यांच्यासमोरून रोज पाण्याला गेली होती. तिच्या माहेरी भिंतींना फोटोच नव्हते. कुडाच्या भिंतीला खिळा टिकत नाही.

“मी त्याला मोठा केला,” धोंडुबाई म्हणाली. “मी. मिठाच्या आगरात पाय फुटले माजे, तरी त्याला टोपलीत घालून बांधावर ठेवायची नि मीठ वडायची. असा मोठा केला. नि तू त्याला असा मोठा केलास? हार घालून?”

“तिला कशाला बोलतंस?” सखा पुढे आला. “मी सांगितला करायला. मला बोल. आये, पेणवाल्यांनी सोयरीक मोडायची वेल आनली. कार्य करा बोलले. किती दिस असं ठेवायचं? ना धड घरात हाय, ना धड गेला.”

“गेला? तू बघितलास जाताना? तू तवा कंपनीत होतास. सेकंड शिफ्टला. बांध फुटून खांड गेली तवा सगला गाव बांधावर नि तू शिफ्टला. तू काय सांगतंस मला?”

सखाचं तोंड पडलं. बायजाला ते बघवलं नाही.

“आये, त्यांनी शिफ्ट केली म्हनून घरात तांदूल आला त्या वर्षी,” ती म्हणाली. “आनि थोरल्या ताईबायना बरं हाय ना, कुंकू पन र्‍हायलं, मान पन र्‍हायला. आमी इथं लोकांना तोंड देतो. मालूच्या हलदीला कोन हात लावनार, ते इचारतात मला. मी काय सांगू? ताट मांडतात रोज, म्हनून सांगू?”

“बायजा,” सखा म्हणाला.

“नाय, बोलू दे तिला. बोल गो,” धोंडुबाई म्हणाली. “पन खाडी ठेवून घेत नाय, एवढं ध्यानात ठेव. आमी खाडीची मानसं. पोपटचा बाप बुडला तो तिसऱ्या भरतीला वर आला. गिरजाबाईचा पोर तिवराच्या झाडीत सापडला. खाडी आपलं नाय ते परत देते. माजा नाय दिला. म्हंजे तो तिच्यात नाय. कुठंतरी लागला आसंल, डोसक्याला मार बसला आसंल, आठवत नसंल त्याला…”

“धोंडे,” कान्हूबाबा म्हणाला.

त्याने तिला नावाने हाक मारलेली मालूने जन्मात ऐकली नव्हती. नेहमी “अगो” म्हणायचा.

“खाडी वर देते तो पान्यात असतो त्याला,” कान्हूबाबा म्हणाला. तो खुर्चीत पुढे वाकून स्वतःच्या हातांकडे बघत होता. “हिरामण खांडीत उतरला, पेंढ्याची गाठ पायाखाली दाबायला. वरनं बांध बसला. मंग तो दिसला नाय. उधान लागलेला होता, सगल्या गावाचं पीक मागं होतं. आमी काय केला? आमी ढेकलं टाकली. पहाटंपरयंत टाकली. खांड भरली. बांध आजून उभा हाय.”

बाहेर रस्त्यावरून टेम्पो गेला, काचेचं कपाट थरथरलं.

“बांधावर होता त्या सगल्यांना म्हायत हाय,” तो म्हणाला. “तुला कोन सांगनार? मीच नाय सांगितला. मी पन टाकली ना ढेकलं.”

धोंडुबाई मागे सरकली आणि तिथं बाक होता म्हणून बसली, नाहीतर खालीच बसली असती. तिच्या डोक्यात एवढंच आलं की यंदा भात चांगला आला. खारं पाणी आत आलं नाही. कापणीच्या वेळी ती त्याच बांधावर बसून सरूला भाकर भरवत होती.

*

मालूला वाटलं आता फोटो होणार नाही. आता सगळे उठतील, संध्याकाळच्या गाडीने कासूला उतरतील आणि उद्या पेणला निरोप जाईल. तिने अंगावरची साडी बघितली. पोपटी, जरीची, सासरहून आलेली. ही नेसून फोटो काढा, असा निरोप होता. आमच्या ओटीवर लावू.

मालू वैनीच्या हाताखालची. सगुणा घरात आली तेव्हा मालू फ्रॉकमध्ये होती. पहिल्यांदा बाहेरची झाली तेव्हा आईच्या आधी वैनीला सांगितलं होतं. हळद कोण लावणार, असं कुणी विचारलं असतं तर मालूने डोळे मिटून तिचंच नाव घेतलं असतं. कधी कुणी विचारलं नव्हतं.

ती सगुणाजवळ जाऊन बसली. सगुणाला वाटलं, ही आता गळ्यात पडणार. तिने हातसुद्धा पुढे केला.

“वैनी,” मालू अगदी हळू म्हणाली. “तू धर ना तो फोटो.”

सगुणाने पुढे केलेला हात मागे घेतला.

“आये नाय धरनार. बाबांच्या मांडीवर ठेवला तर त्यांच्याकडचे बोलतील, बायको असून बापानं कशाला धरलाय. तू धरलास की झाला. कोन काय इचारनार नाय.” मालूचा हुंदका मध्येच आला आणि तिने तो गिळला. “माजं लगीन मोडंल गो वैनी.”

“आनि हलद?” सगुणाने विचारलं.

मालू खाली बघून साडीची जर नखाने ओढत बसली.

“हलदीचं मी बघंन, ताईबाय,” बायजा मागून म्हणाली. तिच्या आवाजात या वेळी टोचणी नव्हती, आणि त्यामुळे ते जास्त लागलं. “तुमी ते मनात नका ठेवू.”

सगुणा उठली. तिने सरूच्या फ्रॉकवरची धूळ झटकली, नाक पुसलं. मग दिनानाथकडे दोन्ही हात पुढे केले, जसं न्हाऊ घालून कुणी बाळ देतं तेव्हा करतात तसे.

“द्या,” ती म्हणाली.

दिनानाथ इतका वेळ कॅमेऱ्यामागे उभा होता. त्याला काम सुरू झाल्याचं बरं वाटलं. “मग बाकच घेऊ,” तो लगबगीने म्हणाला. “फ्रेम असली की ती मधे, अशी रीत. बाबा या बाजूला, मधे वैनी, त्या बाजूला मावशी. बाकीचे मागे. बेबी पुढे.”

कान्हूबाबा खुर्चीतून उठून बाकावर बसला. सगुणा बाकाजवळ जाऊन थांबली. सासऱ्याच्या समोर ती कधी पाटावरही बसली नव्हती. तो ओटीवर आला की ती उठून दाराआड जायची. आता त्याच बाकावर, त्याच्या खांद्याला खांदा. तिने मान वळवून सासूकडे बघितलं, काय करू, अशी जुनी सवय म्हणून. सासू समोरच्या भिंतीकडे बघत होती.

“बस, पोरी,” कान्हूबाबा म्हणाला. आणि तो अंग चोरून बाकाच्या अगदी टोकाला गेला, एक मांडी बाहेर लोंबती ठेवून.

ती बसली. फ्रेम मांडीवर उभी केली. काच थंड होती. चंदनाच्या हाराचा वास येत होता, दुकानातल्या नव्या कपाटासारखा. माणसाचा वास नव्हता.

दिनानाथ पावडरचा डबा घेऊन फिरला. “तोंड चमकतं, फ्लॅश मारतो,” असं म्हणत त्याने सखाच्या नाकाला लावली, बायजाच्या गालाला लावली. सगुणापाशी येऊन त्याचा हात थबकला. तिच्या कपाळावर कुंकू होतं, घरातून निघताना नेहमीपेक्षा जरा मोठं लावलेलं. जोडफोटो होता ना.

तो सखाकडे वळला. “हे… राहू द्यायचं? म्हणजे फ्रेम आणि हे, दोन्ही एकत्र…”

सखाने बायजाकडे बघितलं. बायजाने सासऱ्याकडे. कान्हूबाबाने डोळे मिटले.

“हात तर लाव तिच्या कपालाला,” धोंडुबाई भिंतीकडे बघतच म्हणाली. “मंग तुला दाखवते.”

दिनानाथने डबा बंद केला.

*

धोंडुबाई बाकावरच होती, ती दुसऱ्या टोकाला सरकली. तिच्यात आणि सुनेत एक माणूस बसेल एवढी फळी रिकामी होती. तिने त्या फळीवर पंजा ठेवला.

“मावशी, आत सरका,” दिनानाथ कॅमेऱ्यात डोकं घालून म्हणाला. “मधे जागा राहतेय.”

“र्‍हावू दे.”

“अहो, पडदा दिसतो मागचा.”

“त्याची जागा हाय ती.”

“तो आहे ना इथं, मांडीवर.”

“तो कोटवाला,” धोंडुबाई म्हणाली. “तो माजा नाय. काढ तू.”

मागे उभ्या सखाने दिनानाथला हाताने खुणावलं. काढ. मालूचे डोळे लाल होते, पण तिने हनुवटी वर केली, पेणला ओटीवर लागणार म्हणून. कान्हूबाबाने सरूचे खांदे धरले. “इकडं बघा सगळे,” दिनानाथ म्हणाला. “हसू नका, पण तोंडं पाडू नका. एक, दोन…”

उजेड आला आणि गेला. सरू दचकून रडायला लागली.

“कुणीतरी डोळे मिटले,” दिनानाथ म्हणाला. “अजून एक घेतो. हलू नका. आहे तसेच राहा.”

आहे तसंच राहणं सगुणाला जमेना. इतका वेळ जमलं होतं. एकदाच करायचं आहे म्हणून ती बसली होती, दात आवळून, सुईण म्हणते तसं, एकदाच, आता एकदाच. दुसऱ्यांदा म्हटल्यावर काचेतलं दिव्याचं प्रतिबिंब नाचायला लागलं. तिने फ्रेम घट्ट धरली. बोटं घामाने ओली होती. हार आधी एका बाजूला सरकला, मग फ्रेमची खालची कड मांडीवरून घसरली.

सगुणाच्या तोंडून आवाज निघाला नाही. निघाला तो धोंडुबाईच्या. “अरं रं रं,” रांगतं पोर ओटीच्या कडेला गेलं की निघतो तसा. फळीवरचा तिचा हात उचलला गेला आणि फ्रेमच्या खाली आला. दुसरा मागून आला. पोचायला तिला सरकावं लागलं. ती सरकली. तिचा खांदा सगुणाच्या खांद्याला लागला, मांडी मांडीला लागली. फ्रेम सावरली होती तरी तिने हात काढले नाहीत. काढले असते तर ती पुन्हा घसरली असती.

सगुणाने मान वळवली नाही. सासूचा श्वास तिला गालावर लागत होता, आणि तो सरळ येत नव्हता.

“धरलाय,” धोंडुबाई म्हणाली, कुणालाच नाही. “मी धरलाय, तू सोड जरा.”

दिनानाथने कॅमेऱ्यात बघितलं. मग डोकं वर काढून त्याने समाधानाने हाताची बोटं हलवली.

“हां, मावशी. आता बरोबर,” तो म्हणाला. “आता कुठं जागा दिसत नाही.”